आधी निदान, मग पाना

कराडहून कोल्हापूरकडे निघालं की मलकापुरात रस्त्याच्या कडेला एक चिंच होती. चिंचेखाली पत्र्याचं छप्पर होतं आणि छपरावर एक पाटी होती. पाटीवर ना मालकाचं नाव, ना दुकानाचं. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत एवढंच : 'आधी निदान, मग पाना.' रंगाऱ्यानं तीनदा विचारलं होतं, "मिस्त्री, खाली नाव घालू का?" तर आकाराम थोरवडे म्हणाला, "ज्याला काम करून घ्यायचं हाय त्याला माझं नाव ठावं असतंय. बाकीच्यांनी वाचून पुढं जावं."

बाकीचे पुढं जातच असं नाही. आटपाडीकडचा एक म्हातारा पाटी वाचून गुडघा दाखवायला आला होता. आकारामनं तो नीट पाहिला, दोनदा वाकवून कुठं करकरतो ते कान लावून ऐकलं आणि पाना न लावता परत पाठवला.

दुखणाईत गाडी दारात आली की दुसरे मिस्त्री बाह्या सारतात. आकाराम दोन्ही हात पाठीमागं बांधायचा. मग गाडीभोवती फेऱ्या घालायचा, इंजिन चालू करायला लावून बॉनेटपाशी मान वाकडी करून उभा राहायचा, मालकाला भलतेसलते प्रश्न विचारायचा. काल कुठं गेला होता, कोण बसलं होतं, गाडी रात्री कुठं उभी असते. मालक वैतागून म्हणायचा, "मिस्त्री, हात लावा की जरा." आकाराम म्हणायचा, "हात लावल्यावर डोकं चालत न्हाई."

ही खोड लढाईतली. इराकातल्या लष्करी वर्कशॉपात असताना एका कप्तानानं त्याला लॉरीचं इंजिन उघडायला फर्मावलं. आकाराम म्हणाला, "नो सर." त्याला येत असलेल्या इंग्रजीपैकी हे निम्मं होतं. शिक्षा झाली, पाठीवर ओझं घेऊन वर्कशॉपला वीस फेऱ्या. ऊन असं, की सावली अंगाखाली दडून बसलेली. सातव्या फेरीला आकाराम लॉरीपाशी थांबला, बॉनेटखाली वाकला आणि प्लगांना वीज वाटणाऱ्या झाकणाला गेलेला केसाएवढा तडा बोटानं दाखवला. कप्तानानं त्याला सिगारेट दिली आणि उरलेल्या फेऱ्या माफ केल्या. आकारामनं सिगारेट खिशात घातली आणि उरलेल्या तेराही फेऱ्या मारल्या. माफी कुणाला हवी होती?

त्याची बायको रंगुबाई सांगायची, "ह्यास्नी बस म्हनलं की हुबं ऱ्हात्यात, हुबं ऱ्हावा म्हनलं की चालाय लागत्यात. म्या जेवा म्हनायचं सोडून दिलं, तवापास्नं येळेवर जेवत्यात."

अशा या माणसाच्या दारात सेहेचाळीस सालच्या पावसाळ्याअखेर सांगलीच्या धन्यकुमार शेट्यांची गाडी आली.

धन्यकुमार हळदीचा व्यापारी. वय तिशीच्या आतलं, टोपी जराशी तिरकी. मिरजेचा एक साहेब मायदेशी निघाला तेव्हा जाताना त्यानं आपली दोन माणसांची पळायची गाडी याच्या गळ्यात घातली होती. हिरवी, लांब नाकाची, जमिनीला टेकलेली. चाकं लावलेली मोजडीच. तिच्यात बसायचं म्हणजे आधी निम्मं लोळायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. धन्यकुमार तिच्यातून हळदीच्या पेठेत उतरायचा तेव्हा हमाल पोती खाली ठेवून बघत. उतरायला वेळच तेवढा लागायचा.

दसऱ्याआधी आकारामनं त्या गाडीचे व्हॉल्व्ह घासून बसवले. चार दिवस तो त्या इंजिनाशी असा बसला होता की रंगुबाईनं भाकरी तिथंच नेऊन दिली. काम झालं, गाडी सुरू केली, पाय काढून घेतला आणि आकारामनं पहिल्यांदाच पाठीमागचे हात सोडून छातीवर बांधले. गाडी जागेवर उभी असताना इंजिन जे आपसूक मंद चालतं त्याला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. चांगल्या गाडीचा स्लो म्हणजे दुपारी जेवून ओसरीवर पडलेल्या माणसाचा श्वास. या गाडीचा तसा लागला होता.

दसरा झाला आणि पंधरा दिवसांत गाडी परत.

"मिस्त्री, पळायला वाघ आहे," धन्यकुमार म्हणाला. "पण उभी केली की अंगात येतं. मधेच भर्रकन चढते, मधेच मरगळते, उचक्या देते. काल चौकात पोलिसानं हात केला, थांबलो, आणि गप्पच झाली. पोलिसानं आणि मी मिळून ढकलली."

आकारामनं हात मागं बांधले. प्लग पाहिले, पॉइंट पाहिले. या गाडीला दोन कार्बोरेटर. दोन्ही उघडून पुसले. टाकीत पेट्रोल नव्हतंच फारसं, म्हणून आपल्या डब्यातलं घातलं. स्लो असा लागला की चिंचेवरचा होला उडाला नाही. धन्यकुमार हसत सांगलीला गेला आणि आठ दिवसांनी तसाच उचक्या खात परत आला. पुन्हा पुसणं, पुन्हा आकारामच्या डब्यातलं पेट्रोल, पुन्हा सगळं गोड.

समोर धुळा नावाच्या माणसाचं चहाचं दुकान होतं. तो कपबशा विसळता विसळता म्हणाला, "आकाराम, पोरगी म्हायेरात आली की बरी हुतीया, सासरी गेली की अंग टाकतीया. इंजान काय बघतूस गड्या? सासू बघ."

सगळे हसले. आकाराम हसला नाही. त्याला वाटलं, हा कपबशा विसळणारा माणूस आपल्यापेक्षा बरं निदान करतोय, आणि ही काही बरी गोष्ट नाही.

तिसऱ्या खेपेला धन्यकुमार एकटा नव्हता. बरोबर पुण्याच्या एका कारखान्यातले अनंतराव फोरमन होते. कोट, चष्मा, खिशाला घड्याळाची साखळी. सांगलीला पाहुणे म्हणून आले होते आणि पाहुण्याला कामाला लावायची आपल्याकडं पद्धतच आहे. अनंतरावांनी वाटेतच निकाल लावून ठेवला होता.

"व्हॉल्व्ह बसलेले नाहीत," ते म्हणाले. "गावठी काम आहे. इंजिन उघडावं लागेल."

"कुणी उघडायचं?" आकारामनं विचारलं.

"मी उघडीन. सोमवारी माझी माणसं येतील."

"न्हाई उघडायचं."

अनंतरावांनी चष्मा पुसला. त्यांना 'नाही' फारसं ऐकायची सवय नसावी. "अहो मिस्त्री, गाडी यांची, हत्यारं माझी. तुम्ही नाही म्हणणारे कोण?"

"त्यातलं काम माझं हाय."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. इंजिन उघडून आत सगळं ठीक निघालं असतं तरी आकाराम बुडालाच असता. कारण आत काय निघालं ते चार माणसं पाहतात. उघडलं एवढं मात्र सगळा जिल्हा ऐकतो. आकारामनं बसवलेलं इंजिन महिन्यादीडमहिन्यात पुण्याच्या माणसानं पुन्हा खोललं, एवढी बातमी फलटणपासून जतपर्यंत पुरे होती. मग पाटीवर काहीही लिहा.

आकारामनं धन्यकुमारकडं पाहिलं. "शेट, रोग इंजिनात असता तर हितं बी दिसला असता. ह्यो तुमच्या घरचा रोग हाय. मी सांगलीला येतो. रविवारी सकाळपत्तर गाडीचा स्लो नीट लागला न्हाई, तर ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन आन इंजान फोरमनसायबास्नी उघडून देईन. पर तवर कुणी पाना लावायचा न्हाई."

"नीट लागला हे ठरवायचं कसं?" अनंतराव म्हणाले. "मिनिटभर कुठलंही खटारं नीट चालतं. अर्धा तास चालली पाहिजे, कुणी हात न लावता. माझ्या घड्याळानं."

"तुमच्या घड्याळानं नगं."

"मग कुणाच्या?"

धन्यकुमार दोघांच्या मधे शिरला. "अव्वाच्या, माझ्या आईच्या माळेनं. आमची अव्वा रोज सकाळी एकशेआठ मण्यांची, आम्हा जैनांच्या णमोकार मंत्राची माळ ओढते. अर्धा तास लागतोच. तिच्या माळेत खोट काढायची छाती आमच्या पेठेत कुणाची नाही."

हे दोघांनाही पटलं. ते गेल्यावर रंगुबाई पत्र्याखाली आली आणि पाटीकडं बघत म्हणाली, "उतरवायची असंल तर शिडी आत्ताच मागून ठेवू का?"

"शिडी वर चढायला बी लागतीया," आकाराम म्हणाला.

शुक्रवारी दुपारी सर्व्हिस मोटारीनं तो सांगलीला उतरला. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आपल्या पेट्रोलचा छोटा डबा. डबा रेशनच्या दिवसांत मोटारीत घेऊ देईनात, तर आकारामनं तो मांडीवर घेतला आणि सबंध वाटेत लेकराला धरावं तसा धरला.

धन्यकुमारची अव्वा, चंदनबालाबाई, दारातच होत्या. ठेंगण्या, पांढरं नऊवारी, कमरेला किल्ल्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून पेठेतला भावही त्यांना विचारल्याशिवाय खाली उतरत नसे, असं लोक म्हणत.

"तू व्हय गाडीचा वैद्य? ये. हातपाय धू. जेवून घे."

"आवं अव्वा, आत्ताशी पाच वाजल्यात."

"दिवस मावळल्यावर ह्या घरात चूल न्हाई, जीव मरत्यात. आन बटाटा, कांदा, लसूण बी न्हाई. काय हसतूस?"

"हसत न्हाई. लष्करात बी कांदा मिळत नव्हता, पर त्येंनी कधी कारण सांगितलं न्हाई."

जेवण झाल्यावर उजेड होता तोवर आकारामनं काम केलं. प्लग आणि पॉइंट पुन्हा. मग तेलाच्या बुधलीनं कार्बोरेटरच्या जोडांवर थेंब थेंब तेल सोडलं. जोडातून फुकट हवा आत जात असली तर तेल पडताच इंजिनाचा आवाज बदलतो. बदलला नाही. मग रबराच्या नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं पाळीपाळीनं दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाला. पहिल्याचा श्वास कसा, ओढ्यावर पाणी पिणाऱ्या म्हशीसारखा सलग. दुसऱ्याचा मात्र दमेकऱ्याचा. मधेच अडे, मधेच सुटे. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल यायच्या बारीक भोकाचा तुकडा, काढला, फुंकला, बसवला. टाकी रिकामी केली. आपल्या डब्यातलं पेट्रोल घातलं. स्लो लागला. गोड.

"झालं की मग," धन्यकुमार म्हणाला.

"काय झालं? बरी झाली म्हंजे निदान झालं व्हय? आजार गेला, कुठनं आला कळलं न्हाई, तर त्यो वाट वळखून हाय. गाडी आता हितंच ऱ्हाऊ दे. रोज जे करता ते करा. मी नुसता बघनार."

शनिवारी पहाटे आकाराम परसात गेला तो हात पाठीमागं बांधूनच. आणि तिथं त्याला ते दिसलं.

आडाच्या कठड्याशी अव्वा पाटावर बसल्या होत्या. समोर रेशनच्या पेट्रोलचा डबा, शेजारी लखलखीत घासलेली पितळेची कळशी. कळशीच्या तोंडावर नवंकोरं मांजरपाटाचं कापड, दुहेरी केलेलं. वासासाठी नाकाला पदर, ओठांवर णमोकार. धुतल्या हातांनी, हळूहळू, त्या पेट्रोल गाळत होत्या. आकारामनं आधी चुलीकडं पाहिलं. चूल तीस हातांवर होती आणि विझलेली होती. मग त्यानं श्वास सोडला.

डबा संपला. मग अव्वांनी ते कापड उलटं केलं, गाळलेल्या पेट्रोलाची एक पळी घेऊन त्यावरून ओतली, आणि कापडाला जे काही चिकटलं होतं ते सगळं अलगद एका वाटीत उतरवलं. थेंबही सांडू दिला नाही. कळशीतलं पेट्रोल गाडीच्या टाकीत ओतलं. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या निगुतीनं, ती वाटीसुद्धा.

आकारामचे हात मागच्या मागं एकमेकांत घट्ट झाले. पण निदान म्हणजे संशय नव्हे. त्यानं धन्यकुमारला गाडी काढायला लावली. कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन आले. येताना पेठेच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि तिनं उचकी दिली. मग दुसरी. मग आकारामनं पिशवीतून पाना काढला.

दुपारी तो अव्वांसमोर बसला. मधे जात्याचा काळा दगड. दगडावर पापणीच्या केसाएवढा एक पांढरा धागा.

"ह्यो जेटात सापडला, अव्वा. जेटाच्या भोकात एक सुई हाय. गाडी पळती तवा सुई वर हुती आन भोक मोकळं ऱ्हातं, असला धागा असला काय, नसला काय. गाडी हुबी केली की सुई खाली येती. मग केसाएवढी जागा उरती आन त्यात ह्यो लोंबकळतो. हिकडं गेला की इंजान उपाशी, तिकडं गेला की पोटभर."

अव्वांनी चष्मा लावून धागा पाहिला. "मांजरपाटाचा हाय."

"व्हय. गाळायचं कापड कवा बदललं?"

"दसऱ्याला. जुनं विरलं हुतं."

"आन सायेबाच्या गाडीसंगं पेट्रोल गाळायचं एक मऊ फडकं आलं असंल."

"फडकं कसलं, कातडं हुतं मेल्याचं. चिमट्यानं धरून भाईर टाकलं." अव्वांनी चष्मा काढला. "आता तू मला गाळू नगं म्हननार."

"मी कुठं म्हनलो? मी बी गाळतोच."

"म्हनून बघ तर. ह्या घरात जे काय पितं, मानूस म्हन, म्हस म्हन, ते गाळून पितं. गाडी पिती. म्हनून गाळते. साठ वर्सं न गाळलेलं पानी ह्या हातानं कुणाला दिलं न्हाई, आता म्हातारपनी एका पत्र्याच्या डब्यासाठी सोडू व्हय?"

"सोडू नगा. पर ती वाटी टाकीत का वतता?"

अव्वांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की एवढा मोठा माणूस आणि एवढंही ठाऊक नाही. "गाळन्यात अडकलेले जीव जितनं आले तितं परत सोडायचे असत्यात. आडाचं पानी असंल तर आडात. पेट्रोलाचा आड कुठं हाय?"

"लय लांब हाय. मी बघून आलोय. इराकात."

"मग तितं नेऊन सोडू? जवळचा आड म्हंजे टाकी."

आकारामला हसू आलं, ते त्यानं मिशीतच ठेवलं. इतके दिवस त्यानं इंजिन शोधलं, पुण्याच्या फोरमननं व्हॉल्व्ह शोधले, आणि इथं ही बाई रोज पहाटे गाळून काढलेला सगळा केर भक्तिभावानं पुन्हा टाकीत सोडत होती. जाडा केर टाकीच्या जाळीत अडकायचा. मांजरपाटाचे हे बारीक धागे मात्र आडवे अडायचे आणि उभे निसटायचे.

"अव्वा, पेट्रोलात जीव नसतो."

"तू बघितलंस?"

"नसल्यालं कसं बघू?"

"मग न बघता सांगतूस कसा? तुझ्या पाटीवर काय लिवलंय म्हनं, आदी निदान?"

आकारामला आयुष्यभर 'नाही' म्हणायला येत होतं. 'नाही' चालेनासं झालं की काय करायचं ते येत नव्हतं. तो म्हणाला, "बरं. माझं दोन गोष्टींवर आडलंय. कापड धागा सोडनारं नगं. आन वाटी टाकीत नगं. बाकी तुमी गाळा, माळ ओढा, मी मधी यायचा न्हाई."

"कातडं न्हाई."

"कातडं न्हाई."

"रेशीम बी न्हाई. किडे उकळत्यात."

"रेशीम कुणी मागितलं?"

अव्वा उठल्या. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक धोतर होतं. बारीक घट्ट विणीचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. आकारामनं बोटांनी चोळून पाहिलं. एक तंतू सुटला नाही. मग ते कुणाचं असणार ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या अव्वा. दुसरं बघू कायतरी."

"गप. ट्रंकेत पडून त्येचं काय हुतंय? मालक असते तर त्येंनीच फाडून दिलं असतं. त्येंला बी गाड्यांचा लय नाद." अव्वांनी काठ दातांत धरून टरकन हातभर कापड फाडलं. "आन वाटीतल्यांचं काय?"

"त्ये माझ्याकडं द्या. बाटलीत भरून मलकापूरला नेतो. एकाला बी धक्का लागायचा न्हाई."

"शप्पथ घे."

"शप्पथ घेत न्हाई मी. सांगितलं म्हंजे सांगितलं."

अव्वांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाटली आणायला आत गेल्या. त्या संध्याकाळी आकारामनं टाकी उतरवून धुतली, नळ्या फुंकल्या, दोन्ही जेट साफ केले. अव्वांनी धोतरातून गाळलेलं पेट्रोल भरलं. पाच वाजता त्याला जेवायला बसवलं आणि तो बसला.

रविवारी सकाळी शेट्यांच्या अंगणात हळदीची निम्मी पेठ जमली. अनंतराव कोटात आले. घड्याळ त्यांनी आणलं होतंच, पण खिशात ठेवलं. धन्यकुमारनं गाडी सुरू केली आणि बाजूला झाला. अव्वा पाटावर बसल्या आणि पहिला मणी ओढला.

इंजिन चालू लागलं. दुपारी जेवून पडलेल्या माणसासारखं. आकाराम हात पाठीमागं बांधून उभा होता. वीस मणी झाले, चाळीस झाले. कुणी खाकरलं तरी लोक त्याच्याकडं रागानं बघत. साठाव्या मण्याच्या सुमाराला इंजिनानं एकदा, एकदाच, आवंढा गिळला. आकारामच्या कपाळावर घाम आला. एखादा चुकार धागा कुठल्या तरी वळणावर दडून बसला असणार. हात सुटायला बघत होते. त्यानं ते एकमेकांत गुंतवून धरले. अनंतराव पुढं सरकले. अव्वांची माळ मात्र थांबली नाही, फक्त तो एक मणी बोटांत जरा जास्त वेळ राहिला. इंजिन पुन्हा सलग झालं. धागा गेला असावा त्याच्या वाटेनं.

ऐंशी. शंभर. पुढचे मणी अव्वांनी असे सावकाश ओढले की अनंतरावांनी न राहवून खिशातलं घड्याळ काढलं. पस्तीस मिनिटं झाली होती. एकशेआठावा मणी ओढून अव्वांनी माळ कपाळाला लावली. इंजिन चाललंच होतं.

लोकांनी माना हलवल्या. अनंतराव हरलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. ते अडलेल्या माणसासारखे दिसत होते.

"चालली, मान्य," ते म्हणाले. "पण दोष कशात होता?"

"हुता. गेला."

"कशात होता?"

"न्हाई सांगनार."

पेठेत कुजबूज झाली. आकारामला ती ऐकू येत होती. सांगितलं तर तो जिंकत होता. पण सांगितलं तर उद्यापासून हळदीच्या पोत्यांवर बसून लोक अव्वांच्या वाटीवर हसणार होते, आणि त्या बाईनं ट्रंकेतलं काय फाडून दिलं होतं ते त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे तुम्हालाच कळलेलं नाही," अनंतराव म्हणाले. "योगायोगानं लागली. धन्यकुमारशेट, आठ दिवसांनी पुन्हा बिघडेल. आजच उघडू. निदान न सांगणाऱ्या माणसानं निदानाची पाटी लावू नये."

धन्यकुमारनं आकारामकडं पाहिलं. "मिस्त्री, मला तरी सांगा की."

"न्हाई. पाटी उतरवायची तर उतरवतो. सांगनार न्हाई."

"मी सांगते," अव्वा पाटावरूनच म्हणाल्या.

"अव्वा, तुमी गप बसा," आकाराम म्हणाला. त्या अंगणात अव्वांना हे कुणी म्हटल्याचं पेठेला आठवत नव्हतं.

"तू गप बस. लय झालं तुझं न्हाई न्हाई." अव्वा उठल्या. "फोरमन, दोष माझ्या गाळन्यात हुता. कोऱ्या मांजरपाटानं पेट्रोल गाळत हुते आन गाळन्यातलं परत टाकीत सोडत हुते. ह्यानं धागा काढून दाखवला. तुमच्या व्हॉल्व्हाला कायबी झालेलं न्हाई. आन आजबी गाळूनच घातलंय, उद्याबी गाळूनच घालनार. ज्याला हसायचंय त्यानं आत्ता हसावं. माझ्यासमोर."

कुणी हसलं नाही. एका हमालानं खोकून पाहिलं, पण तेही अर्ध्यावर सोडलं. अनंतराव गाडीपाशी गेले, वाकले, बराच वेळ ऐकत राहिले. मग पुण्याचा माणूस जेवढं म्हणू शकतो तेवढं म्हणाले : "व्हॉल्व्ह वाईट बसवलेले नाहीत."

"चांगले म्हना," अव्वा म्हणाल्या.

"चांगले," अनंतराव म्हणाले.

आकारामनं हात सोडले. बोटं आखडली होती. ती उघडायला त्याला थोडा वेळ लागला.

पाटी राहिली. पुढं पावसांनी निळी अक्षरं फिकट झाली तेव्हा आकारामनंच ती पुन्हा गिरवून घेतली, आणि रंगाऱ्यानं नाव घालू का विचारलं तेव्हा पुन्हा नाही म्हणाला. दर महिन्या-दोन महिन्यांनी हिरवी गाडी मलकापुरात यायची. तिला काही झालेलं नसायचं. धन्यकुमार लोळत लोळत उतरायचा आणि बूच मारलेली एक बाटली पुढं करायचा. तळाशी बोटभर पेट्रोल आणि त्यात चिमूटभर केर. आकाराम ती पत्र्याखालच्या फळीवर, आधीच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवायचा.

पेट्रोल कूपनावर मिळायचे ते दिवस. प्लग धुवायला थेंब नसायचा. एकदा असाच एक लॉरीवाला अडून बसला होता, तेव्हा धुळानं समोरून ओरडून सांगितलं, "आकाराम, फळीवर येवढं साचलंय की गड्या. वत त्यातलं."

आकारामनं रांगेकडं पाहिलं. मग हात पाठीमागं बांधले.

"न्हाई," तो म्हणाला. "त्यात जीव हायती."